दिलेल्या अक्षरांतून इंग्रजी शब्द कसा शोधायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडचं कुटुंब, मुलगी आठवीत, मराठी माध्यमाची. सुट्टीत सोसायटीच्या हॉलमध्ये स्क्रॅबल (बोर्डावर अक्षरांचे ठोकळे मांडून शब्द करण्याचा खेळ) चालतं, तिथे ती इंग्रजी माध्यमाच्या मुलांसमोर बुजते. एकदा तिच्या हातात ए, ई, जी, आय, एन, आर, टी अशी सात अक्षरं होती. तिने 'रिंग' लावलं. नंतर कोणीतरी म्हणालं की यात सातही अक्षरांचा शब्द होता. घरी सगळे मिळून रोज वर्डलही, म्हणजे लपलेला इंग्रजी शब्द ओळखण्याचा ऑनलाइन खेळ, खेळतात. तर 'अमुक अक्षरं असलेले शब्द' शोधून देणाऱ्या वेबसाइट वापराव्यात का, नेमकं काय आणि कसं शोधावं, आणि माध्यमामुळे ही मुलगी कायम मागेच राहणार का?

शेवटचं आधी घेतो, कारण ती भीती डोक्यात असेल तर बाकीचं सांगून उपयोग नाही. न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स २०१५ मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचा जगज्जेता झाला. त्याला फ्रेंच बोलता येत नाही. त्याने स्पर्धेआधी फ्रेंच शब्दांची अधिकृत यादी पाठ केली आणि बेल्जियममध्ये जाऊन फ्रेंच बोलणाऱ्यांना हरवलं. २०२४ मध्ये त्याने हाच प्रकार स्पॅनिशमध्ये केला. इंग्रजीचं जगज्जेतेपद २००३ साली थायलंडच्या पानुपोल सुज्जयाकोर्नने मिळवलं आणि २०१५ साली नायजेरियाच्या वेलिंग्टन जिगेरेने. या खेळात कोण किती फाडफाड बोलतो याला गुण नाहीत. अक्षरांची कोणती माळ यादीत आहे आणि कोणती नाही, एवढंच बोर्डावर मोजलं जातं. पाठांतराची सवय असलेल्या मुलांना इथे उलट फायदाच होतो. ज्या घोकंपट्टीला आपण एरवी नावं ठेवतो, तिला मान मिळण्याची ही दुर्मिळ जागा आहे.

पुढे जाण्याआधी एक सोय. जिथे स्पेलिंग महत्त्वाचं आहे तिथे मी अक्षरं तोडून लिहितो, म्हणजे 'रिंग' हा आर-आय-एन-जी.

बहुतेक लोक शब्दशोधक वेबसाइटवर गोंधळतात ते एकाच कारणाने. 'ही अक्षरं असलेला शब्द' या एका वाक्यात चार वेगळे प्रश्न लपलेले असतात. पहिला, ही अक्षरं कुठेतरी आहेत, बाकी कोणतीही चालतील. दुसरा, अमुक अक्षर अमुक जागेवरच आहे, उरलेल्या जागा रिकाम्या. हा शब्दकोड्याचा प्रश्न झाला. तिसरा, माझ्याकडे एवढीच अक्षरं आहेत, यांच्याबाहेरचं एकही चालणार नाही, आणि प्रत्येक जेवढ्यांदा आहे तेवढ्यांदाच. हा स्क्रॅबलच्या रॅकचा, म्हणजे आपल्या वाट्याचे ठोकळे ठेवायच्या पट्टीचा, प्रश्न. चौथा, अक्षरं हीच, पण प्रत्येक कितीही वेळा वापरा. हा न्यूयॉर्क टाइम्सच्या स्पेलिंग बी या शब्दकोड्याचा. वेबसाइटवर यासाठी वेगवेगळे रकाने असतात: 'कन्टेन्स', 'पॅटर्न', 'अनस्क्रॅम्बल' किंवा 'ॲनाग्राम'. रॅकवरची सात अक्षरं 'कन्टेन्स'मध्ये टाकली, की आपल्याकडे नसलेल्या अक्षरांनी फुगलेले दहा-बारा अक्षरी शब्द समोर येतात आणि माणूस म्हणतो, ही साइट बेकार आहे. साइट ठीक असते, प्रश्न चुकलेला असतो. कागदावर शोधतानाही आधी हेच विचारा: मी चारांपैकी कोणता प्रश्न सोडवतोय?

आता डोक्याने शोधण्याबद्दल. नवखा खेळाडू अक्षरांकडे बघतो आणि माहितीतले शब्द आठवत बसतो: कॅट बसतो का, ट्रेन बसतो का. सरावलेला माणूस शब्द आठवत नाही. तो अक्षरांच्या खोडी ओळखतो. इंग्रजीत प्रत्येक अक्षराची बसण्याची ठरलेली जागा आहे, ठरलेले शेजारी आहेत. म्हणून सुरुवात नेहमी सगळ्यात अडेलतट्टू अक्षरापासून करायची. ई आणि ए कुठेही मावतात, त्यांची काळजी शेवटी.

व्ही घ्या. इंग्रजी शब्दाच्या शेवटी व्ही सहसा येत नाही, त्याच्यामागे ई लागतो. आणि स्क्रॅबलच्या यादीत व्ही असलेला दोन अक्षरी शब्द एकही नाही. समांतर शब्द लावला की शेजारच्या अक्षरांच्या जोड्याही शब्दच व्हाव्या लागतात, त्यामुळे बोर्डावर व्हीच्या बाजूने समांतर शब्द लावता येत नाही. समोरच्याची वाट अडवायला हे फार उपयोगी आहे. सी जवळपास तसाच. कॉलिन्सच्या यादीत (कॉलिन्स शब्दकोशवाल्यांची स्क्रॅबलसाठीची शब्दयादी) सी-एच हा एकच दोन अक्षरी शब्द त्याच्या नशिबात आहे. एक्स मात्र दिसतो तितका वाईट नाही: ए-एक्स, ई-एक्स, ओ-एक्स, एक्स-आय, एक्स-यू असे पाच छोटे शब्द त्याला आहेत. आठ गुणांचं अक्षर इतक्या सहज सुटतं, म्हणून एक्स आला की मी खूश होतो. झेडसाठी झेड-ए, झेड-ओ आणि झेड-ई. जे-साठी जे-ए आणि जे-ओ.

जे शब्दाच्या शेवटी येत नाही असं शाळेत सांगतात, आणि अस्सल इंग्रजी शब्दांपुरतं ते खरं आहे. पण आपल्याकडून गेलेल्या आणि अरबीतून आलेल्या शब्दांना हा नियम लागू नाही: आर-ए-जे, टी-ए-जे, एच-ए-जे, एस-डब्ल्यू-ए-आर-ए-जे. हे सगळे स्क्रॅबलमध्ये चालतात. पुण्याच्या मुलीला 'स्वराज' शिकवायला नको, फक्त तो इंग्रजी यादीत आहे एवढं कोणीतरी सांगायला हवं.

क्यूबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथेच मराठी मुलं विनाकारण हात टेकतात. क्यू आला आणि यू नाही, की मुलं तो बदलून घ्यायला निघतात. पण यूशिवायचे क्यू बरेच आहेत, आणि त्यातला मोठा भाग आपल्या कानावरचा आहे. फकीर (एफ-ए-क्यू-आय-आर), बुरखा (बी-यू-आर-क्यू-ए, यात यू आहे, पण क्यूच्या पुढे नाही), काझी (क्यू-ए-झेड-आय), तलाक (टी-ए-एल-ए-क्यू), वक्फ (डब्ल्यू-ए-क्यू-एफ), नकाब (एन-आय-क्यू-ए-बी), कव्वाली (क्यू-ए-डब्ल्यू-डब्ल्यू-ए-एल-आय). अरबी-फारसीतला 'क़' इंग्रजांनी क्यूने लिहिला, म्हणून हे घडलं. काझी तर चार अक्षरांत बावीस गुण देतो, कारण क्यू आणि झेड प्रत्येकी दहाचे. हे सगळे शब्द आपण वर्तमानपत्रात वाचतो, पण इंग्रजी बोर्डासमोर बसलो की डोक्यातला तो कप्पा बंद करून टाकतो.

त्याहून छोटा आणि सगळ्यात कामाचा शब्द म्हणजे क्यू-आय, चिनी विचारातली प्राणशक्ती. क्यू तिप्पट-अक्षराच्या घरात पडला आणि आडवा-उभा दोन्हीकडे क्यू-आय झाला, तर एकतीस अधिक एकतीस, बासष्ट गुण दोन अक्षरांवर मिळतात. समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

क्यूपुरतंच हे मर्यादित नाही. डाळ तीन स्पेलिंगांनी चालते: डी-ए-एल, डी-एच-ए-एल, डी-ए-एच-एल. तूप दोन: जी-एच-ई-ई आणि जी-एच-आय. साडी दोन. लाख, कोटी (इंग्रजीतला क्रोअर), लाठी, धोती, रोटी, खादी, ज्वारी (जे-ओ-डब्ल्यू-ए-आर), तालुका, तहसील, हरताळ, बंद, घेराव, पूजा हे सगळे चालतात. 'पेशवा'सुद्धा कॉलिन्समध्ये आहे, तोही एकाहून अधिक स्पेलिंगांनी. शनिवारवाड्याजवळ वाढलेल्या मुलीने पी-ई-एस-एच-डब्ल्यू-ए लावून चौदा गुण घ्यावेत आणि समोरच्याने 'हा इंग्रजी शब्दच नाही' म्हणून भांडावं, हे दृश्य मला मनापासून आवडतं. पण सावध राहा: आपल्या मनातलं स्पेलिंग यादीत असेलच असं नाही. आणि यादीत असलेला शब्द आपल्या अर्थानेच आलाय असंही नाही. पी-ए-व्ही चालतो, पण तो वड्याबरोबरचा पाव नव्हे, पाव्हलोव्हा नावाच्या गोड पदार्थाचं लघुरूप आहे. गुण तेवढेच मिळतात.

आता मुलीच्या त्या सात अक्षरांकडे येऊ. ए, ई, जी, आय, एन, आर, टी. अवघड अक्षर एकही नाही, सगळी गरीब, एक-दोन गुणांची. म्हणूनच ती सगळ्यात मौल्यवान आहेत. स्क्रॅबलमध्ये सातही अक्षरं एकदम लावली तर पन्नास गुण वरकड मिळतात, आणि सातही एकदम बसतात ती अशीच साधी अक्षरं. उत्तर आहे ग्रॅनाइट. शिवाय टिअरिंग, आणि इनग्रेट म्हणजे कृतघ्न. एकाच सात अक्षरांतून निदान तीन शब्द, आणि तिने त्यातली चार वापरून पाच गुण घेतले. यात तिचा दोष नाही. हे शब्द बघायचे कसे, हे तिला कोणी दाखवलं नव्हतं.

बघण्याची रीत अशी. रॅकवर अक्षरं आली त्या क्रमाने ठेवून त्यांच्याकडे टक लावू नका. हात हलता ठेवा. आय, एन, जी असेल तर ती तीन उचलून उजव्या टोकाला ठेवा आणि उरलेल्या चारांकडे बघा: ए, ई, आर, टी. टी-ई-ए-आर दिसला की टिअरिंग झालाच. ई-आर, ई-डी, आय-ई-एस-टी, टी-आय-ओ-एन, ए-बी-एल-ई ही सगळी उजवीकडे ठेवून बघण्याची शेपटं. डावीकडे आर-ई, यू-एन, ओ-यू-टी, एम-आय-एस. शेपूट बाजूला काढलं की सात अक्षरांचं कोडं तीन-चार अक्षरांचं होतं. फक्त कोणत्याही क्रियापदाला आर-ई चिकटवून शब्द होतो या समजुतीत राहू नका. काही चालतात, काही नाही, आणि तर्काने ते ओळखता येत नाही. ते पाठच करावं लागतं.

आता यातून जी काढून बघा. उरलेली सहा अक्षरं आहेत ए, ई, आय, एन, आर, टी, म्हणजे रेटिना. या सहांना जुने खेळाडू सोन्यासारखी जपतात, कारण जवळपास कोणतंही सातवं अक्षर आलं तरी शब्द होतो. सी आला तर सर्टन. पी आला तर पेंटर, रिपेंट आणि पर्टेन. डी आला तर ट्रेन्ड (टी-आर-ए-आय-एन-ई-डी), एम आला तर मिनरेट, एल आला तर रिलायंट, के आला तर केराटिन, एफ आला तर फेंटर (एफ-ए-आय-एन-टी-ई-आर), एस आला तर नॅस्टिअर, आर आला तर टेरेन आणि ट्रेनर, टी आला तर नायट्रेट, यू आला तर युरिनेट, आय आला तर इनर्शिया, आणि एच आला तर हेअरनेट. एवढा एक परिच्छेद तिने वहीत उतरवून स्पेलिंगांसकट पाठ केला, तरी सोसायटीत तिच्याकडे बघण्याची दृष्टी बदलेल. आणि हे शब्द अवघड नाहीत, बहुतेक तिला आधीपासून माहीत आहेत. ते उलटसुलट अक्षरांतून दिसत नाहीत एवढंच.

त्यासाठी खेळाडू एक युक्ती वापरतात: शब्दाची अक्षरं वर्णानुक्रमाने लावून ठेवणं. लिसनची अक्षरं लावली तर ई-आय-एल-एन-एस-टी. सायलेंट, एनलिस्ट, टिन्सेल यांचीही लावा, तेच येतं. वहीत डावीकडे ही वर्णानुक्रमाची माळ, उजवीकडे तिच्यातून होणारे शब्द. सराव करताना उजवी बाजू झाकायची. डाव हातात आल्यावर आधी अक्षरं वर्णानुक्रमाने लावायची, मग मेंदूला ती माळ ओळखीची वाटते. योगायोग बघा, तुम्ही प्रश्नात तिची सात अक्षरं त्याच क्रमाने लिहिली आहेत. संगणकावरचे शब्दशोधकही मुळात हेच करतात. यादीतल्या प्रत्येक शब्दाची अक्षरं क्रमाने लावून ठेवतात, तुमची अक्षरं क्रमाने लावतात आणि जुळणी बघतात. त्यात जादू काही नाही.

एस आणि ब्लँक (कोणत्याही अक्षराच्या जागी चालणारा कोरा ठोकळा) यांबद्दल दोन शब्द. संचात शंभर ठोकळे, त्यात दोन कोरे, बारा ई, नऊ ए, नऊ आय, पण एस फक्त चार. खेळाचा कर्ता आल्फ्रेड बट्स हा मंदीच्या काळात काम गेलेला अमेरिकन आर्किटेक्ट. त्याने वर्तमानपत्रांच्या पानांवरची अक्षरं मोजून कोणतं अक्षर किती द्यायचं ते ठरवलं, आणि एस मुद्दाम कमी ठेवला, नाहीतर जो तो दुसऱ्याच्या शब्दाला अनेकवचन करत सुटला असता. म्हणून चार-पाच गुणांसाठी एस उधळू नका. तो एकाच वेळी दोन शब्द जोडतो, तिथे वापरा.

शब्दाला पुढून-मागून एक अक्षर लागून नवा शब्द होतो, त्याला हुक म्हणतात. आर-ए-जे ला ए लावून राजा, त्याला एच लावूनही चालतो, वर एस. ए-एन-एन-ए, म्हणजे आपला जुना आणा, त्याला पुढून एम किंवा सी, मागून एस किंवा एल. हीट (एच-ई-ए-टी) या शब्दाला पुढून डब्ल्यू लावा, गहू होतो. सी लावा, फसवणूक. घरी चहा पिताना एक शब्द टाकायचा आणि हुक सांगत बसायचं, हा बोर्डाशिवायचा चांगला खेळ आहे.

स्वरांचा पूर आला तर काय? ए-ए, ए-ई, ए-आय, ओ-ई, ओ-आय हे दोन अक्षरी शब्द पाठ हवेत. पाच अक्षरांत ऑडिओ, अ‍ॅड्यू (ए-डी-आय-ई-यू), आयोली. गमतीसाठी ई-यू-ओ-यू-ए-ई: सहाही स्वर, मध्ययुगीन चर्चसंगीतातली संज्ञा, कॉलिन्समध्ये चालते. आयुष्यात लावायला मिळणार नाही, पण मुलांना सांगायला मजा येते. उलट, स्वरच नसतील तर वाय हा तारणहार: रिदम, निंफ, लिंक्स (एल-वाय-एन-एक्स), क्रिप्ट. तोही नसेल तर एच-एम-एम, एस-एच-एच, पी-एस-टी असे हुंकार आणि सी-डब्ल्यू-एम हा वेल्शमधून आलेला दरीचा शब्द.

वर्डलची गोष्ट वेगळी आहे. तिथे अक्षरं दिलेली नसतात, ती काढून घ्यायची असतात. पाच अक्षरं, सहा प्रयत्न. अंदाजातलं अक्षर बरोबर जागी असेल तर हिरवं होतं, शब्दात असून जागा चुकली असेल तर पिवळं, नसेलच तर राखाडी. जॉश वॉर्डल या वेल्श अभियंत्याने हा खेळ जोडीदार पलक शाहसाठी केला. पाच अक्षरी शब्दांच्या सुमारे बारा हजारांच्या यादीतून ओळखीचे सुमारे अडीच हजार तिने निवडले. ऑक्टोबर २०२१ मध्ये तो सगळ्यांसाठी खुला झाला, जानेवारी २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने विकत घेतला. ही निवड लक्षात ठेवण्यासारखी आहे: उत्तर बहुतेक वेळा तुम्हाला माहीत असलेला शब्द असतो. स्क्रॅबलचे विचित्र शब्द इथे अंदाज म्हणून चालतात, उत्तर म्हणून क्वचितच येतात. आणि एस लावून केलेलं साधं अनेकवचन त्या मूळ उत्तरयादीत जवळपास नव्हतंच, त्यामुळे शेवटच्या घरात एस ठेवून अंदाज वाया घालवू नका. शेवटी ई आणि वाय यांची शक्यता जास्त.

पहिला शब्द 'अ‍ॅड्यू' टाकण्याची पद्धत घराघरांत आहे. चार स्वर एकदम तपासले जातात म्हणून लोकांना बरं वाटतं. मला ती पटत नाही. स्वर कळल्याने शब्द फारसा कळत नाही, शब्द ओळखू येतो तो व्यंजनांवरून. मराठीतही व्यंजनं काढून नुसतं '-ा-ा' दिलं तर त्यावरून काय समजणार? स्लेट, क्रेन, ट्रेस यांसारखे दोन स्वर आणि तीन नेहमीची व्यंजनं असलेले शब्द जास्त काम करतात. संगणकाने केलेल्या मोजणीतही हेच शब्द वर येतात. पहिल्या दोन अंदाजांत ई, ए, आर, ओ, टी, एल, आय, एस, एन, सी यांतली जास्तीत जास्त अक्षरं तपासून व्हावीत, एवढं बघा.

खरी गोची पुढे होते. ए-टी-सी-एच हिरवं झालं, पहिलं अक्षर तेवढं राहिलं. बॅच, कॅच, हॅच, लॅच, मॅच, पॅच, वॉच: सात उमेदवार आणि हातात तीन प्रयत्न. एकेक करून बघणारा हरतो. इथे एक अंदाज मुद्दाम 'चुकवायचा'. क्लॅम्प टाका. तो उत्तर असूच शकत नाही, पण त्यात सी, एल, एम, पी आहेत. सी पहिल्या घरात हिरवा झाला तर कॅच. एल पिवळा झाला तर लॅच, एम तर मॅच, पी तर पॅच. यांतलं काहीच नाही तर बॅच, हॅच, वॉच उरले. सातांपैकी चार एका फटक्यात निकालात. आय-जी-एच-टीच्या मागे फाइट, लाइट, नाइट, राइट, टाइट रांग लावून उभे असतात, तिथेही हीच चाल. हार्ड मोड (सापडलेली अक्षरं पुढच्या अंदाजात वापरावीच लागतात तो प्रकार) चालू असेल तर ती करता येत नाही, म्हणून तिथे हिरव्यांची घाई करू नये. दुहेरी अक्षरांकडेही लक्ष ठेवा. एकच अक्षर दोनदा टाकलं आणि एक रंगीत, एक राखाडी आलं, तर ते उत्तरात एकदाच आहे.

स्पेलिंग बीबद्दल थोडक्यात. सात अक्षरं, मधलं सक्तीचं, शब्द किमान चार अक्षरी, एस सहसा नसतोच. लोक विसरतात ते एवढंच की अक्षर परत परत वापरता येतं. इनिशिएशन या लांबलचक शब्दाला आय, एन, टी, ए, ओ अशी पाचच वेगळी अक्षरं लागतात. टॅटूला तीन.

आता वेबसाइटचा प्रश्न. डाव चालू असताना नाही, डाव संपल्यावर जरूर. वर्डलमध्ये शोधक उघडला की खेळ तिथेच संपतो, उरते ती टायपिंगची परीक्षा. स्क्रॅबलमध्ये मात्र डावानंतर आपल्याच रॅक टाकून बघणं ही सगळ्यात चांगली शिकवणी आहे. तिला सांगा, प्रत्येक डावातली दोन-तीन त्रासदायक रॅक कागदावर टिपून ठेव, घरी आल्यावर 'ॲनाग्राम'मध्ये टाक, निघालेल्यांपैकी फक्त ओळखीचे शब्द वहीत घे. दोनशे शब्दांची यादी समोर आली की त्यातलं एकही लक्षात राहत नाही. रॅकमध्ये ब्लँक असेल तर बहुतेक साइटवर त्याच्या जागी प्रश्नचिन्ह टाकतात.

साइटवरच्या जाहिरातींचा कंटाळा येत असेल तर घरच्या संगणकावरही जमतं. 'एनेबल' नावाची एक मोफत, कोणाचाही हक्क नसलेली इंग्रजी शब्दयादी आहे, १ लाख ७२ हजारांहून अधिक शब्दांची. ती एक्सेलच्या एका रकान्यात ओता आणि फिल्टरच्या शोधात चिन्हं वापरा: प्रश्नचिन्ह म्हणजे कोणतंही एक अक्षर, तारा म्हणजे कितीही अक्षरं. चार प्रश्नचिन्हं आणि मग व्ही दिलं, की व्हीने संपणारे पाच अक्षरी शब्द येतात, आणि ते किती थोडे आहेत हे डोळ्यांनी दिसतं. तारा-क्यू-तारा दिलं की क्यूचे सगळे. अक्षरांच्या खोडी अशा स्वतः शोधून काढल्या तर विसरत नाहीत. ही यादी जुनी आणि अमेरिकेकडे झुकणारी आहे, त्यामुळे शब्द चालतो की नाही याचा निवाडा तिच्यावर सोडू नका, सरावापुरती ठेवा. पुढे रस वाढला तर झिझिव्हा नावाचा प्रोग्राम आहे, गंभीर खेळाडू त्यावरच पाठांतर करतात. तो वर्णानुक्रमाची माळ दाखवतो आणि शब्द विचारतो.

निवाड्याची यादी कोणती, हे सोसायटीत पहिल्या दिवशी ठरवा. भारतात स्पर्धांना कॉलिन्सची यादी चालते, तिच्यात पावणेतीन लाखांहून जास्त शब्द आहेत. अमेरिकन यादी वेगळी आणि लहान आहे. झेड-ओ एकीत चालतो, दुसरीत नाही. मोबाइलवरच्या शोधकांतही यादी निवडावी लागते, आणि बऱ्याच जणांत न सांगता अमेरिकन लावलेली असते. अप्पा बळवंत चौकात मिळणारी शाळेची डिक्शनरी निवाड्याला आणू नका. ती अर्थ समजून घ्यायला उत्तम, पण तिच्यात क्यू-आय शोधायला गेलात तर बहुधा रिकाम्या हाताने परत याल. पुण्यात वाद घालायला शब्दकोशाची गरज पडत नाही हे खरं, तरी चॅलेंज करणाऱ्याचं म्हणणं चुकलं तर त्याचे गुण कापायचे की पाळी घालवायची, हेही आधीच कागदावर घ्या.

पाठांतराचा क्रम मी असा देईन. आधी दोन अक्षरी शब्द, सगळे. कॉलिन्सच्या २०१९ च्या यादीत ते १२७ आहेत, रोज सात-आठ घेतले तर तीन आठवड्यांच्या आत होतात, आणि ए-टी, आय-एन, जी-ओ असे बरेच तर तिला आत्ताच येतात. मग यूशिवायचे क्यू. मग जे, एक्स, झेडचे तीन अक्षरी. त्यानंतर रेटिनाची सहा अक्षरं आणि तिचे सातवे सोबती. चार अक्षरी शब्दांच्या मागे इतक्यात लागू नका, ते हजारोंनी आहेत आणि मुलं तिथेच कंटाळतात. अर्थ विचारला तर जरूर सांगा, झेड-ओ म्हणजे याक आणि गाय यांच्या संकराचं हिमालयातलं जनावर हे कळलं की तो शब्द पक्का बसतो. पण अर्थ आल्याशिवाय शब्द लावायचा नाही, असा नियम मात्र करू नका.